रानातलं ताटात : करवंदांचा भाव

मे महिना लागला की आमच्या बेळगावात सकाळी गणपत गल्लीतून चालताना पाय आपोआप मंदावतात. भाजीच्या ढिगांच्या कडेला, मिळेल त्या जागेत, खानापूर आणि चंदगडकडच्या बायका पाट्या घेऊन बसलेल्या असतात. पाटीत पानांनी झाकलेली काळीभोर करवंदं. शेजारी जांभळं, कधी तोरणं, कधी घरचे चार आंबे. पाटीवरचं पान बाजूला केलं की जो आंबटगोड वास येतो, तो आला की उन्हाळ्याची सुट्टी लागली असं अजूनही वाटतं. मुलांच्या शाळा संपून वर्षं झाली तरीही.

गेल्या वर्षी अशाच एका सकाळी नेहमीच्या मावशींजवळ थांबले. वीस रुपयांना एक द्रोण होता. सवयीनं म्हटलं, "मावशी, पन्नासला तीन द्या की. दरवर्षी तुमच्याकडूनच नेते." मावशी हसल्या. पाटीतलं एक चिरडलेलं करवंद बाजूला काढत म्हणाल्या, "आक्का, दर माझा न्हवं, काट्यांचा हाय. एक दिवस माझ्यासंगट ये, मग तूच सांग दर."

त्या बोलण्यात राग नव्हता. पण मी साठ रुपये देऊन तीन द्रोण घेतले, आणि घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. सोन्याच्या दुकानात, मॉलमध्ये, डॉक्टरांकडे आपण दर विचारून गप्प पैसे देतो. घासाघीस करायची ती नेमकी पाटीवालीशी. पुढच्या आठवड्यात मी खरंच गेले.

मावशींचं गाव जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वाटेवर. मलप्रभा उगम पावते तो हा भाग. आदल्या रात्री मुक्कामाला गेले आणि पहाटे झुंजुमुंजू होताच आम्ही तिघी निघालो, मावशी, त्यांची जाऊ आणि मी. मावशींनी निघताना मला त्यांच्या मालकांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट दिला. "साडीवर घाल. हसतील त्यांना हसू दे."

गावामागचा माळ चढून गेलं की जांभ्या दगडाच्या कातळावर करवंदीच्या जाळ्याच जाळ्या. लांबून हिरव्या घुमटासारख्या दिसतात, जवळ गेलं की कळतं की आत शिरायला वाट नाही. करवंदीला फांदीच्या पेराशी जोडीनं काटे येतात, कित्येकदा टोकाशी दुभंगलेले. हात आत घालणं सोपं, बाहेर काढणं कठीण. मावशींनी शिकवलं ते असं: हात घालायचा तो खालून वर, काट्यांच्या रोखानं. फळ ओढायचं नाही, चिमटीत धरून किंचित पिरगाळायचं. पिकलेलं असलं तर ते स्वतःहून हातात येतं. येत नसलं तर ते उद्याचं आहे, त्याला तिथंच राहू द्यायचं. ओढून काढलं तर देठाशी साल फाटते, चीक येतो, आणि ते एक फळ संध्याकाळपर्यंत शेजारच्या दहांना खराब करतं.

"आणि वरची?" मी विचारलं. शेंड्यावर सगळ्यात काळी, सगळ्यात टपोरी करवंदं होती. "ती बुलबुलाची. तो खातो, बी टाकतो, तवा नवी जाळी उगवते. त्याचंबी पोट हाय की."

चार तासांनी माझ्या पिशवीत जेमतेम सात द्रोण भरतील एवढी करवंदं होती. दोन्ही मनगटांवर ओरखडे, बोटं चिकानं एकमेकांना चिकटलेली, मान भाजलेली. म्हणजे चार तासांचे एकशे चाळीस रुपये. मावशींची पाटी दुपारपर्यंत भरली, तीसेक द्रोणांची. संध्याकाळी निवडणं, पानं आणून द्रोण लावणं. दुसऱ्या दिवशी पहिली बस धरून बेळगाव, आणि पाटी रिकामी होईपर्यंत उन्हात बसणं. सगळे द्रोण विकले गेले तर सहाशे रुपये, तेही दोन दिवसांच्या कामाचे. त्यातून बसभाडं गेलं, चिरडलेली गेली, आणि माझ्यासारख्या गिऱ्हाइकांनी दर द्रोणामागे तीन-चार रुपये पाडले तर काय उरतं त्याचा हिशोब ज्यानं त्यानं घरी करावा. मी केला. त्यानंतर त्या पाटीसमोर माझं तोंड उघडलं नाही.

आता या फळाबद्दल थोडं.

करवंदाचं संस्कृत नाव करमर्द. त्यावरूनच आपलं करवंद आणि हिंदीतला करौंदा आला. अमरकोशात याला 'कृष्णपाकफल' असंही नाव आहे, पिकल्यावर काळं होणारं फळ. नाव ठेवणाऱ्यानं झाड जवळून पाहिलं होतं हे नक्की. शास्त्रीय भाषेत हे कॅरिसा कुळीतलं झुडूप. पानं समोरासमोर, जाडसर, वरून चकचकीत. उन्हाळ्याच्या तोंडाला जाईसारखी पांढरी, पाच पाकळ्यांची सुवासिक फुलं येतात. मार्च-एप्रिलमध्ये हिरवी फळं धरतात, त्यांवर लाली चढते आणि मे महिन्यात ती काळी होतात. एखादा वळीव पडून गेला की फळ टपोरतं. मृग लागून पाऊस धरला की मात्र ती पाणचट होतात, किडतात, आणि मोसम संपतो.

आपल्या वाचकांची घरं दूरवर पसरली आहेत, म्हणून हेही सांगायला हवं. गोव्यात तुम्ही यांना कांटां म्हणता. आमच्या इथले कन्नड शेजारी कवळी म्हणतात. वडोदऱ्याच्या बाजारात ती करमदां होतात, इंदूर-ग्वाल्हेरला करौंदे आणि हैदराबादला वाक्काय. पण तिकडे बाजारात येतो तो बहुतेक लागवडीचा प्रकार, फळ मोठं, पांढऱ्या-गुलाबी रंगाचं, चवीला सणसणीत आंबट. तो येतोही पावसाळ्यात. त्यामुळे तिकडे करवंद ही भाजी-लोणच्याची वस्तू आहे, आणि आपल्या सह्याद्रीच्या कुशीत ते पोरांनी खिशात भरून खायचं फळ आहे. नाव एक, झाडं सख्खी, पण स्वभाव वेगळा.

लहानपणी करवंद खाण्याआधी एक विधी असायचा. फळ हातात धरायचं आणि समोरच्याला विचारायचं, "कोंबडा की कोंबडी?" दातांनी तोडायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. हरणाऱ्यानं आपलं एक करवंद द्यायचं. या खेळात कोण जिंकलं ते शेवटी कुणालाच आठवायचं नाही, कारण तोपर्यंत सगळ्यांचे ओठ चिकानं चिकटलेले असायचे. त्यावर आज्जीचा उपाय सोपा होता. बोटावर थेंबभर खोबरेल तेल घ्यायचं, ओठांवर फिरवायचं, मग पुसायचं. नुसत्या पाण्यानं हा चीक जात नाही, तेलानं जातो. कच्ची करवंदं चिरताना हाताला आणि विळीला तेल लावायचं तेही याचसाठी.

स्वयंपाकात करवंद तीन अवस्थांत येतं, आणि प्रत्येकीचं काम वेगळं. हे नीट लक्षात ठेवलं की बाकी सगळं सोपं.

हिरवं करवंद : लोणचं, चटणी, आमटी

लोणच्यासाठी फळ पूर्ण वाढलेलं पण कडक हिरवं हवं. अर्धा किलो करवंदं धुऊन, देठं काढून, स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण कोरडी करा. तेलाचा हात लावून दोन भाग करा आणि बिया काढून टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण बिया राहिल्या तर लोणचं खाताना कचकच लागते. फोडींना शंभर ग्रॅम मीठ आणि दोन चमचे हळद लावून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी सुटलेलं पाणी टाकायचं नाही, तोच लोणच्याचा खार. पन्नास ग्रॅम मोहरीची डाळ, चमचाभर मेथ्या तेलात तळून केलेली पूड, चमचाभर हिंग आणि आवडीप्रमाणे लाल तिखट घालून कालवा. दीडशे ग्रॅम तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी करून ती पूर्ण गार करा आणि मगच ओता. गरम फोडणीनं फोडी मऊ पडतात. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीतच भरा. करवंदाच्या आंबटपणामुळे ॲल्युमिनियम, पितळ ही भांडी इथं नकोत. आठ-दहा दिवसांत मुरतं. वर तेलाचा थर हवा आणि चमचा कोरडा हवा, हे दोन नियम पाळले तर वर्षभर टिकतं.

चटणी त्याहून झटपट. वाटीभर हिरवी करवंदं (बिया काढून), अर्धी वाटी ओलं खोबरं, चार हिरव्या मिरच्या, तीन-चार लसूण पाकळ्या, अर्धा चमचा जिरं, मूठभर कोथिंबीर, मीठ आणि सुपारीएवढा गूळ. पाणी जवळजवळ न घालता वाटायचं. गुळाशिवाय करू नका, आंबटपणा घशाला लागतो. भाकरी आणि ही चटणी असली की भाजी नसली तरी कुणी विचारत नाही.

तूरडाळीच्या आमटीत चिंच-आमसुलाऐवजी सात-आठ ठेचलेली हिरवी करवंदं डाळीबरोबर उकळून पाहा. आंबटपणाला एक वेगळाच ताजेपणा येतो. तेलुगू घरांत हेच वाक्काय पप्पू म्हणून होतं, आणि तिथं ते पावसाळ्यातलं आवडतं कालवण आहे. माळव्यातल्या घरांत करौंदे आणि हिरव्या मिरच्या उभ्या चिरून, बडीशेप घालून तेलावर परततात, ती भाजी पोळीबरोबर चार-पाच दिवस पुरते. प्रवासालाही चांगली.

लाल करवंद : जेली

अर्धवट पिकलेल्या, लाली चढलेल्या करवंदात पेक्टिन भरपूर असतं. पेक्टिन म्हणजे ज्यामुळे जेली घट्ट धरते तो घटक. म्हणून बाहेरची कुठलीही पावडर न घालता करवंदाची जेली जमते. तीन वाट्या लालसर आणि एक वाटी काळी करवंदं घ्या. काळ्यांमुळे रंग येतो, लालांमुळे घट्टपणा. बुडतील एवढं पाणी घालून वीस मिनिटं मंद आचेवर शिजवा, पळीनं ठेचा आणि स्वच्छ मलमलीच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवा. पुरचुंडी पिळायची नाही. पिळली की जेली गढूळ होते. सकाळी जमलेला रस मोजा, वाटीभर रसाला पाऊण वाटी साखर घाला आणि मोठ्या आचेवर आटवा. गार बशीवर थेंब टाकून बोटानं सारून पाहा. सुरकुती पडली की झाली. रंग असा येतो की बरणी उन्हात धरून बघत बसावं.

फडक्यात उरलेला गर टाकू नका. चाळणीवर घासून बिया वेगळ्या करा, गूळ आणि जिरेपूड घालून शिजवा, आंबटगोड चटणी तयार.

जाता जाता एक गंमत. बेकरीतल्या केकवर जी लाल चेरी असते, ती आपल्याकडे पुष्कळदा चेरी नसतेच. ते पाकात मुरवून लाल रंग दिलेलं करवंद असतं. नातवंडं रानातलं करवंद बघून नाक मुरडतात आणि तेच केकवरून आधी उचलून खातात.

काळं करवंद : सरबत, आणि नुसतं

पूर्ण पिकलेलं करवंद शक्यतो नुसतंच खावं. उरलीच तर दोन वाट्या करवंदं कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळून, ठेचून, गाळून घ्या. गाळलेल्या रसाइतकीच साखर घालून विरघळेपर्यंत गरम करा, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड टाका. फ्रीजमध्ये पंधरवडाभर राहतं. एक भाग रसाला चार भाग गार पाणी. दुपारी उन्हातून आलेल्या माणसाला द्या आणि त्याचा चेहरा बघा.

एक सावधगिरी मात्र मुलांना शिकवायलाच हवी. करवंद हे कण्हेरीच्या कुटुंबातलं झाड आहे, आणि कण्हेर पानाफुलांसकट विषारी. या कुटुंबात चीक असतोच. त्यामुळे "चीक निघतो म्हणजे करवंद" हे चुकीचं. जोडीनं काटे, समोरासमोर चकचकीत पानं, आणि आदल्या महिन्यात तिथंच पाहिलेली पांढरी वासाची फुलं, हे सगळं जुळलं तरच करवंद. टणटणीची काळी फळंही लहान मुलं करवंदं समजून तोंडात टाकतात. ओळख पटेपर्यंत मोठ्यांना विचारल्याशिवाय खायचं नाही, एवढा एकच नियम पुरे.

परत मावशींकडे येते. त्या दिवशी पाटी भरल्यावर आम्ही सावलीत भाकरी खायला बसलो. मी विचारलं, "मुलगी येत नाही का बरोबर?" "ती उद्यमबागेत कामाला जाते. महिन्याला पगार, डोक्यावर पंखा. तिला काट्यात कशाला ओढू?" थोडं थांबून म्हणाल्या, "आणि जाळ्याबी कमी झाल्या. रस्ता मोठा केला तवा कडेच्या सगळ्या गेल्या. माळाला वणवा लागतो त्यात काही जातात. काही लोक तर फांद्याच तोडून नेतात, घरी बसून करवंदं काढायला. फांदी तोडली तर पुढच्या साली काय खाशील?"

त्यांच्या मुलीनं काट्यात यावं असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार? माझ्या मुलीनं तरी गेली असती का? पण मग ही काळी मैना आणखी दहा-पंधरा वर्षांनी आपल्यापर्यंत कोण आणणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. करवंदाची जाळी म्हणजे फक्त फळं नव्हेत. तिच्या काट्यांच्या आड दुसऱ्या झाडांची रोपं गुरांच्या तोंडापासून वाचतात, पाखरं घरटी करतात, माळावरची माती धरून राहते. ती पाटी बाजारात येते तोवर कुणाला तरी त्या जाळीची किंमत आहे. पाटी यायची थांबली की जाळी म्हणजे नुसतं झुडूप, आणि झुडूप तोडायला कारण लागत नाही.

आपल्याला करता येतील अशा तीन गोष्टी मला सुचतात. पहिली, करवंदं पाटीवालीकडून घ्यायची आणि सांगेल तो दर द्यायचा. दुसरी, लोणच्यासाठी हिरवी हवी असतील तर मार्चमध्येच आपल्या नेहमीच्या मावशींना सांगून ठेवायचं. त्यांना कुठल्या जाळीवर किती ठेवायची आणि किती काढायची ते कळतं. मावशी म्हणाल्या, "सगळी हिरवीच नेली तर मे महिन्यात काय इकू?" तिसरी, ज्यांच्या घराला थोडं परस किंवा शेताचा बांध आहे त्यांनी एक करवंद लावायचं. पिकल्या फळातलं बी धुऊन लगेच, त्याच आठवड्यात पेरायचं. जुनं झालेलं बी नीट उगवत नाही. पहिल्या पावसाळ्यात रोप धरलं की पुढं त्याला फारसं पाणी लागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, आणि तीनेक वर्षांत फळ दिसू लागतं. कुंपणाचं कुंपण, लोणच्याचं लोणचं.

मी आमच्या मागच्या दाराशी लावलेली दोन रोपं आता वीतभर झाली आहेत. काटे आले आहेत, फळं यायची आहेत.

या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात गणपत गल्लीत गेले तेव्हा मावशी दिसल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यातही नाहीत. जीव थोडा खालीवर झाला. तिसऱ्या आठवड्यात दिसल्या, पाटी निम्मी, गुडघ्याला पट्टा. "पाय घसरला ग माळावर. आता बरं हाय." द्रोणाचा दर पंचवीस झाला होता. मी चार द्रोण घेतले आणि शंभराची नोट पुढे केली. मावशींनी नोट घेतली, माझ्याकडे बघितलं, आणि वर एक ओंजळ करवंदं पिशवीत टाकली. "असू दे आक्का. तू काटे बघितलीस."

वाचकहो, तुमच्या घरी करवंदाचं काय होतं ते जरूर लिहून पाठवा. हैदराबादच्या मैत्रिणींकडून वाक्काय घातलेल्या पुळिहोरेची आणि वडोदऱ्याहून राई-करमद्याची कृती आली तर पावसाळी अंकात छापू. तिकडचा मोसम तेव्हाच असतो. पुढच्या महिन्यात पहिल्या पावसाबरोबर उगवणाऱ्या टाकळ्याच्या भाजीकडे वळू. तोवर बाजारात काळी मैना दिसली, तर थांबा. आणि भाव करू नका.